पहिली फेरी मिस्त्रींची

मिस्त्रींचा राग ही त्या गॅरेजातली सगळ्यात जुनी वस्तू होती. जॅक बदलले, पान्यांचे संच बदलले, हवेचा कॉम्प्रेसर नवा आला, राग मात्र मूळचाच राहिला. सकाळी शटर वर जाताना जो खडखडाट व्हायचा त्यात शटरचा वाटा किती आणि मिस्त्रींचा किती, हे शेजारच्या छापखान्यातल्या लोकांनाही सांगता आलं नसतं. मागे सगळे त्यांना भट्टी म्हणत. तोंडावर अर्थातच मिस्त्री.

या रागाला कारण नव्हतं असं नाही, आणि ते न सांगता त्यांना तापट म्हणून निकालात काढणं अन्यायाचं होईल. मिस्त्री फक्त ब्रेकचं काम करत. इंजिनाला हात लावत नसत, रंगकामाकडे तर ढुंकूनही बघत नसत. "गाडी सुरू झाली नाही तर माणूस घरी उशिरा पोहोचतो," ते म्हणत, "थांबली नाही तर पोहोचतच नाही." तरुणपणी ते दुसऱ्याच्या गॅरेजात होते. तिथे कुणीतरी कॅलिपरचा, म्हणजे चाकामागच्या डिस्कला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरणाऱ्या भागाचा, एक बोल्ट नुसता बोटांनी फिरवून ठेवला आणि पाना लावायचा राहून गेला. ज्याच्याकडून राहिला त्याला ते संध्याकाळी आठवलं असणारच, तोवर गाडी निघून गेली होती, आणि त्या माणसाने तोंड शिवून घेतलं. गाडी पुलाच्या कठड्यावर गेली. चालवणारा वाचला, पण पुढे जन्मभर एक पाय ओढत चालला. बोल्ट कुणाच्या हातचा हे शेवटपर्यंत कुणी कबूल केलं नाही. तेव्हापासून मिस्त्रींनी मनाशी पक्कं केलं की आपल्या गॅरेजात चूक लपून राहणार नाही, आणि ते एकेक चूक हुडकून तिच्यावर ओरडू लागले. ओरडल्याने चुका बाहेर येतात असा त्यांचा प्रामाणिक समज होता.

गॅरेजात त्यांचे काही नियम होते आणि ते भिंतीवर लिहायची गरज नव्हती, कारण ते रोज मोठ्याने ऐकू येत. उघडं लोखंड रात्री कोरडं ठेवायचं नाही. तिथली हवा दमट, सकाळपर्यंत तांबूस गंज धरायचा, म्हणून दुकान बंद करताना वाइसच्या, म्हणजे काम आवळून धरणाऱ्या शिकंज्याच्या, जबड्यापासून हातोडीच्या डोक्यापर्यंत सगळ्याला तेलाचा हात फिरलाच पाहिजे. डिस्क धुतल्यावर पांढरं फडकं फिरवायचं आणि फडकं पांढरंच परत आलं पाहिजे. आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे, ब्रेक ज्याने बसवले त्यानेच पहिली फेरी मारायची, एकट्याने. शेजारच्या सीटवर कुणी बसायचं नाही. काही चुकलं असेल तर ज्याचं चुकलं त्याचंच डोकं फुटावं, असा त्यामागचा सरळ हिशेब.

हे नियम पाळायला होता लंबू. नावाप्रमाणे उंच, मिशा भरघोस, घरी त्याच्या शब्दाबाहेर कुणी नसे. पण गॅरेजात मिस्त्रींनी डोळे वटारले की त्या मिशांमागून एक शब्द धड बाहेर पडत नसे. आठवड्यापूर्वी तो वाइसला तेल लावायला विसरला होता. जबड्यावर गंजाचे चार ठिपके आले. त्यावर मिस्त्री जे सुरू झाले ते जेवायच्या सुट्टीपर्यंत. छापखान्यातल्या लोकांनी मशीन बंद करून ऐकलं म्हणतात. लंबूचे कान दिवसभर लाल होते.

वर माडीवर घर. तिथे मिस्त्रींची बायको, म्हणजे साऱ्या गॅरेजच्या वहिनी, आणि धाकटी मुलगी. थोरली लग्न होऊन लांब गेली होती. तिचा फोन मिस्त्रींनी उचलला की ती म्हणायची, "बाबा, कसे आहात? आईला द्या." मिस्त्रींना वाटायचं मुलींना आईचाच ओढा जास्त असतो.

धाकटी गाडी शिकवायच्या शाळेत शिकवत असे. दिवसभर नवशिक्यांच्या शेजारी बसून आपल्या बाजूच्या जादा ब्रेकवर पाय ठेवायचा, हे तिचं काम. त्याचा वचपा ती सुट्टीच्या दिवशी काढायची. कुणाच्या तरी शेडमागे एक जुनी स्पोर्ट्स कार पडली होती. बसकी, पिवळी, दोनच माणसांची. आत मांजर व्यालेलं. धाकटीने ती उचलून आणली आणि मैत्रिणीच्या शेडमध्ये इंजिनासकट दुरुस्त करून उभी केली. गावाबाहेर विमानाची एक बंद पडलेली धावपट्टी होती. तिथे अधूनमधून रविवारी हौशी मंडळी जमत आणि एकेक गाडी घड्याळ लावून सोडत. सरळ रस्ता, शेवटी टायरांची रास, तिच्यामागे भिंत.

"कुठे जायचं नाही, कुणाला भेटायचं नाही, आणि तरी घाई," मिस्त्री म्हणायचे. "असली घाई मी बापजन्मात पाहिली नाही."

यावरून घरात अनेकदा आकाशपाताळ एक झालं होतं. त्यातच मागच्या हिवाळ्यात धाकटी जिन्यावरून पडली आणि तिचा हात मोडला. मिस्त्रींनी तो राग जिन्यावर काढला. सुताराला बोलावून सगळ्या पायऱ्या उखडायला लावल्या, नव्या बसवून घेतल्या, आणि आधीच्या पायऱ्याही त्यानेच केल्या होत्या म्हणून त्याला भर रस्त्यात असं झापलं की तो बिचारा त्यानंतर मिस्त्री समोरून दिसले की पलीकडच्या फुटपाथवर जायचा.

तर अशा घरात त्या शुक्रवारी धाकटीने पिवळी गाडी आणून गॅरेजात लावली आणि म्हणाली, "बाबा, परवा धावायचंय. ब्रेक बघाल का?"

ती आपणहून आली हेच मिस्त्रींना नवल वाटलं. नवल वाटल्यावरही ते ओरडलेच, पण जरा कमी. चाकं काढली आणि मग मात्र पारा चढला. डिस्कला घासून चाक थांबवणारे पॅड झिजून नखाएवढे उरले होते, आणि जे उरलं होतं तेही तापून काचेसारखं गुळगुळीत झालं होतं. डिस्कच्या कडेला धार आलेली, अंगावर गोल गोल चरे.

"ही डिस्क आहे की गाण्याची तबकडी? सुई ठेवली तर गाणं लागेल." मग ते खाली वाकले. चऱ्यांच्या मधे निळसर डाग होते, लोखंड भाजल्यावर पडतात तसे. "आणि हे काय? एवढा ब्रेक कुठे दाबलास?"

धाकटीने दारात उभ्या असलेल्या आईकडे पाहिलं. "जुनी गाडी आहे, बाबा. आधीच्या मालकाने केलं असेल."

"गाढव होता," मिस्त्री म्हणाले आणि त्या न पाहिलेल्या मालकाचा त्यांनी बराच वेळ उद्धार केला.

काम त्यांनी नेहमीप्रमाणे जीव ओतून केलं. चारही डिस्क लेथवाल्याकडे पाठवल्या. डिस्क किती पातळ झालेली चालते ते तिच्या कडेवरच कोरलेलं असतं. लेथवरून परत आल्यावर मिस्त्रींनी जाडी मोजली. डाग गेले होते आणि जाडी अजून शिल्लक होती. हबवरचा, म्हणजे डिस्क ज्यावर बसते त्या मधल्या भागावरचा, गंज वायर ब्रशने खरवडला. डिस्क हबवर लावून काट्याचं मीटर टेकवलं आणि हाताने फिरवली, काटा डुलला नाही, म्हणजे डिस्क कुठे वाकडी नव्हती. मग पॉलिश पेपरने दोन्ही अंगं आडवी-उभी घासली, साबणाच्या पाण्याने धुतली, तेलकटपणा काढणारा स्प्रे मारला, पांढरं फडकं फिरवलं. फडकं पांढरं आलं. एरवी लगेच पॅड बसले असते. पण लेथवाल्याने उशीर केला होता, अंधार पडला होता, आणि अपुऱ्या उजेडात ब्रेक बसवणं मिस्त्रींना पसंत नव्हतं. डिस्क बाकावर ओळीने ठेवून त्यांवर स्वच्छ कापड टाकून ते वर जेवायला गेले.

ते गेल्यावर खाली जे झालं ते त्यांना दुसऱ्या दिवशी कळलं. आपल्याला आताच कळायला हरकत नाही. दुकान बंद करायला लंबू आला. त्याने वाइसला तेल लावलं, पान्यांना लावलं, हातोडीलाही लावलं. मग कापड उचलून पाहिलं तर लेथवरून आलेलं लख्ख उघडं लोखंड, कोरडं ठणठणीत. त्या गॅरेजात उघडी डिस्क कधी रात्रभर राहिलीच नव्हती, त्यामुळे तिचं काय करायचं हे कधी कुणी सांगितलं नव्हतं. लंबूला गंजाचे चार ठिपके आठवले. लाल झालेले कान आठवले. त्याने डबा उघडला आणि चारही डिस्कना, दोन्ही अंगांनी, पातळ तेलाचा नीट हात मारला. इतकं मन लावून काम त्याने वर्षात केलं नसेल.

शनिवारी सकाळी धाकटी चहाच्या आधीच म्हणाली, "पहिली फेरी मी मारणार. गाडी माझी आहे."

मिस्त्रींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नियम कुणासाठी आहेत इथपासून सुरुवात झाली, धावपट्टी आली, घाई आली, जिना आला. धाकटीही त्यांचीच मुलगी. शब्दाने शब्द वाढला. शेवटी ती आपल्या खोलीत गेली आणि दार आपटलं. मिस्त्री चहा न घेता खाली उतरले, स्वतःच शटर ओढलं आणि रागाच्या सपाट्यात डिस्क उचलून हबवर चढवल्या. बोटं एरवीही तेलकटच असायची. फडकं हाताशी होतं. पण फडकं तर काल फिरवलं होतं, पांढरं आलं होतं, आणि डोक्यात धाकटीला द्यायचं राहिलेलं उत्तर घोळत होतं. पिस्टन मागे दाबले, कॅलिपरच्या पिना पुसून ग्रीस दिलं, नवे पॅड बसवले, बोल्ट आवळले, प्रत्येक बोल्टावर पाना टेकवून पुन्हा पाहिलं. बोल्ट त्यांच्या हातून कधीच राहिला नसता.

लंबू आला तेव्हा पुढची दोन्ही चाकं लागली होती. त्याने बाकाकडे पाहिलं. बाक रिकामा. मग त्याने मिस्त्रींच्या हातातला नवा पॅड पाहिला आणि रात्री आपण काय केलं हे त्याला त्या क्षणी समजलं, कारण तेलकट डिस्कवर पॅड नुसते घसरतात. तो मिस्त्रींकडे एक पाऊल गेला. मिस्त्री मागे न वळताच खेकसले, "ही यायची वेळ आहे?"

लंबू मागच्या जिन्याने वर गेला. "वहिनी, माझ्याकडून घोटाळा झालाय," तो म्हणाला आणि सगळं सांगितलं. "तुम्हीच सांगा. मला ते कच्चा खातील."

वहिनी चहाचा कप घेऊन खाली आल्या. "अहो, ऐका जरा. त्या डिस्कना..."

"तुला त्यातलं काय कळतं? कप ठेव आणि जा."

थोड्या वेळाने त्या पुन्हा म्हणाल्या, "एक मिनिट माझं ऐका." मिस्त्रींनी हवेच्या गनने नट आवळायला घेतले आणि त्या आवाजात वहिनींचं वाक्य वाहून गेलं. गन थांबल्यावर त्या तिसऱ्यांदा बोलल्या, "त्या डिस्क पुन्हा..." एवढंच झालं.

"लेकीची वकिली करायला आली असशील तर वर जा," मिस्त्री गरजले. "पहिली फेरी माझी. माझीच राहणार."

वहिनींनी कप बाकावर ठेवला. त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं ते पाहायला मिस्त्रींनी मान वर केली नाही. केली असती तर त्यांना ते ओळखू आलं असतं, कारण आरशात ते रोज दिसायचं. वहिनी वर गेल्या नाहीत. त्या अंगणातून सरळ फाटकाकडे चालत गेल्या.

मिस्त्रींनी गाडी जॅकवरून उतरवली. पिस्टन मागे दाबलेले असतात, म्हणून गाडी हलवण्याआधी पॅडल घट्ट होईपर्यंत पंप केलं. पॅडल छान घट्ट झालं. इंजिन लावलं आणि गाडी बाहेर काढली. गॅरेजच्या दारापासून फाटकापर्यंत अंगणाला उतार होता. नव्या ब्रेकचा पहिला दाब ते नेहमी तिथेच, चालीच्या वेगात द्यायचे.

समोर फाटकात वहिनी उभ्या होत्या. वाटेच्या मधोमध, हात खाली सोडून.

आता हे काय नवीन नाटक, असं मनात म्हणत मिस्त्रींनी ब्रेक दाबला. पायाखाली पॅडल दगडासारखं लागलं, आणि गाडी आपली चाललीच होती. त्यांनी दोन्ही पायांचा जोर लावला. गाडीने जरा मान खाली घातल्यासारखं केलं आणि पुन्हा उतार धरला. हँडब्रेक ओढला. तोही त्याच डिस्कना धरणारा. वहिनी मोठ्या होत गेल्या. मिस्त्रींच्या तोंडून "बाजूला हो" असं निघालं, पण नेहमी छापखान्यापर्यंत जाणारा आवाज त्या वेळी काचेपलीकडेही गेला नाही. किल्ली बंद, पहिला गिअर, क्लच एकदम सोडला. गाडीला हिसका बसला आणि पुढचा बंपर वहिनींच्या गुडघ्यांना टेकून थांबला.

वहिनी हलल्या नव्हत्या. त्या घाबरून थिजल्या होत्या असं नव्हे. त्यांना इतका राग आला होता की बाजूला होणं त्यांना मान्यच नव्हतं.

"डिस्कला तेल लागलंय," त्या म्हणाल्या. "सकाळपासून हेच सांगायला येतेय."

मिस्त्री उतरले. एवढ्या वर्षांची सवय, सगळ्यात आधी रागच उठून उभा राहिला. "कुणी लावलं?"

"नाही सांगणार."

"कुणी लावलं म्हणतो मी."

"नाव कळलं की तुम्ही ओरडणार. ओरडून झालं की तुम्हाला मोकळं वाटणार, आणि काम झालं असं समजून तुम्ही जेवायला बसणार. आत्ता मी मेले असते. तरी तुम्हाला नाव हवंय."

"मी लावलं," मागून लंबू म्हणाला. त्याच्या मिशा थरथरत होत्या. "उघडं लोखंड होतं. मला वाटलं गंज चढला तर..."

"मग सकाळी मला सांगितलं का नाहीस?"

लंबूने त्यांच्याकडे पाहिलं. खरंच न कळल्यासारखा त्याचा चेहरा झाला. "तुम्हाला?" त्याने विचारलं.

मिस्त्री वळले आणि त्यांनी गाडीच्या पुढच्या अंगाला खांदा लावला. आवाजाने धाकटी जिन्यात आली होती, ती तिथेच थांबली.

गाडी तिघांनी ढकलून आत नेली. तेल प्यायलेले पॅड मिस्त्रींनी स्वतः कचऱ्यात टाकले आणि लंबूला नवा संच आणायला पिटाळलं. डिस्क पुन्हा उतरल्या, पुन्हा साबणाचं पाणी, पुन्हा स्प्रे, पुन्हा पॉलिश पेपर. मिस्त्रींनी फडकं फिरवलं, उजेडात धरलं आणि खांद्यावर टाकायला निघाले तेवढ्यात वहिनींनी ते हातातून काढून घेतलं. त्यांनीही उजेडात धरलं. त्यावर केसाएवढी करडी रेघ होती.

"परत धुवा," त्या म्हणाल्या.

जन्मात पहिल्यांदाच मिस्त्रींना त्यांच्याच गॅरेजात कुणी काम परत करायला सांगत होतं. त्यांच्या कपाळाची शीर टरारली. त्यांनी डिस्क परत धुतली.

पॅड बसले, चाकं लागली, पॅडल घट्ट झालं. मिस्त्री गाडीत बसले आणि दुसऱ्या बाजूचं दार उघडून वहिनी शेजारच्या सीटवर बसल्या.

"उतर. पहिल्या फेरीला शेजारी कुणी नसतं."

"आज आहे," वहिनींनी दार ओढून घेतलं.

उतारावर ब्रेक धरला. फाटकाच्या बऱ्याच अलीकडे गाडी जागच्या जागी थांबली. तरी मिस्त्रींना गुडघ्यांना टेकलेला बंपर दिसतच राहिला.

गोदामांच्या मागे एक लांबलचक रस्ता होता, शनिवारी ओस. नवे ब्रेक मिस्त्री तिथे मुरवायचे. गाडी वेगात न्यायची, ब्रेक जोरात धरायचा, आणि गाडी थांबायच्या आत सोडून द्यायचा. असं पुन्हा पुन्हा, पॅडचा थर तापून डिस्कवर सगळीकडे सारखा बसेपर्यंत. मधे गाडी पूर्ण थांबवायची नाही. तापलेला पॅड थांबलेल्या डिस्कवर दाबून धरला की तिथेच त्याचा छाप उठतो, मग ब्रेक जन्मभर थरथरतात. हे सगळं वहिनींना तोंडपाठ होतं. इतकी वर्षं फरशीतून वर ऐकू येत होतं.

पहिला दाब झाला आणि वहिनींनी सुरुवात केली. "थोरली फोनवर 'आईला द्या' का म्हणते, कधी विचार केलात?"

"तुझा ओढा आहे तिला."

"तुमची भीती आहे तिला. दोनदा नोकरी गेली तिची. तुम्हाला एकदाही कळलं नाही."

मिस्त्रींचा पाय ब्रेकवर गेला आणि या वेळी मुरवण्यासाठी गेला नव्हता.

"थांबायचं नाही," वहिनी म्हणाल्या. "छाप उठतो ना?"

मिस्त्रींनी पाय काढला. त्यांना गाडी थांबवून दार आपटून निघून जायचं होतं. भांडण रंगात आलं की ते नेहमी तेच करायचे. पण ब्रेक तापत होते, काम अर्धवट सोडणं त्यांच्या रक्तात नव्हतं, आणि हे वहिनींना चांगलं ठाऊक होतं. त्यांनी पुन्हा वेग घेतला. वहिनींच्या तोंडाचा पट्टा सुटला होता. त्या ओरडत नव्हत्या, पण एकेक शब्द चापटी मारल्यासारखा येत होता. लंबू गेली दोन वर्षं दुसरीकडे काम शोधतोय ते त्यांनी सांगितलं. ब्रेक दाबला, सोडला. छापखान्यातली माणसं त्यांना पाहून हसतात ते सांगितलं. ब्रेक दाबला, सोडला.

"आणि धाकटी जिन्यावरून पडली नव्हती."

गाडीत तापलेल्या पॅडचा वास भरला होता. मिस्त्रींना वाटलं आपण नीट ऐकलं नाही.

"त्या धावपट्टीवर मोडला हात. शेवटी भिंत आहे तिथे. ब्रेक धरले ते उशिरा लागले, टायरांच्या राशीत शिरली. स्टिअरिंगवर हात पिरगळला. जिन्याचं मी सांगितलं तुम्हाला. मी. आणि तुम्ही जिना उखडलात. त्या जिन्याला काहीही झालं नव्हतं. त्या सुताराचाही काही दोष नव्हता."

मिस्त्रींचा पाय ब्रेकवरच राहिला होता. गाडी मंदावत मंदावत थांबायला आली.

"पाय उचला," वहिनी म्हणाल्या.

त्यांनी उचलला.

"काल ते निळे डाग पाहून तुम्ही विचारलंत, एवढा ब्रेक कुठे दाबलास. ती तेव्हा माझ्याकडे बघत होती. ब्रेक गेलेत हे तिला हिवाळ्यापासून माहीत होतं. तुमच्याकडे गाडी आणायला तिला एवढे महिने लागले. आणि प्लास्टर काढल्यावर ती दोनदा तिथे जाऊन आलीय. त्याच ब्रेकवर. तुमची मुलगी. मलाही ते काल कळलं." इथे वहिनींचा आवाज फाटला. "मी पण लपवायला शिकले तुमच्यापायी. आज त्या फाटकात मला माझीच चीड आली होती."

मिस्त्रींनी उरलेले दाब दिले. हात आणि पाय आपलं काम करत होते. मग ब्रेकला अजिबात पाय न लावता, ते गार व्हावेत म्हणून, गाडी त्या ओस रस्त्यावरून संथ चालवत राहिले. वहिनींचं सांगून संपलं होतं. मिस्त्रींना पुलाचा कठडा आठवला आणि तोंड शिवून घेतलेला तो माणूस आठवला. इतकी वर्षं ते त्याच्यावर चिडून होते. तो कुणाला घाबरत होता हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

फाटकातून आत येताना अंगणाला चढ होता. मिस्त्रींनी ब्रेक वापरला नाही. चढावर गाडी आपोआप दमली आणि थांबली. त्यांनी ती गिअरमध्ये टाकली, लंबूने पळत येऊन चाकामागे लाकडाचा ठोकळा लावला.

धाकटी जिन्याच्या तोंडाशी उभी होती. आईचा चेहरा पाहून तिला सगळं कळलं. मिस्त्री तिच्याकडे येऊ लागले तशी ती एक पाऊल मागे सरकली. लंबूही सरकला. मिस्त्रींनी ते पाहिलं. राग पायापासून वर चढत होता, नेहमीच्याच वाटेने, आणि तो कमी झाला होता असं कुणी समजू नये. उलट इतका राग त्यांना आयुष्यात आला नव्हता. फक्त तो काढायला या वेळी जिना नव्हता, सुतार नव्हता, कुणीच नव्हतं.

ते खालच्या पायरीवर बसले.

"हात कसा आहे?"

"बरा आहे," धाकटी पटकन म्हणाली.

मिस्त्री नुसते बसून राहिले. अंगणात पिवळी गाडी गार होताना टिकटिक वाजत होती.

"जोरात वळवलं की दुखतो," धाकटी म्हणाली. "मनगट पूर्ण फिरत नाही. उद्याच्या धावण्यातलं नाव मी अजून मागे घेतलेलं नाही."

मिस्त्रींचा चेहरा लालबुंद झाला. त्यांनी पायरीची कड दोन्ही हातांनी घट्ट धरली, त्यांनीच हट्टाने बसवून घेतलेली, जिची कधी गरजच नव्हती.

"पुढे सांग," ते म्हणाले. आवाज मोठाच होता, तेवढा एकच आवाज त्यांच्याकडे होता.

धाकटीने एकदा आईकडे पाहिलं. मग ती त्यांच्यावरची एक पायरी सोडून बसली आणि हिवाळ्यापासून सांगू लागली.